खाडा, दांडी, बंक

अंबरनाथमधल्या कितीतरी घरांत कामाला किंवा वर्गाला न जाण्यासाठी तीन पिढ्यांनी तीन शब्द वापरले. आजोबा विमकोच्या आगपेट्यांच्या कारखान्यात किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, त्यांचा ‘खाडा’ व्हायचा. मुलगा शाळेला, पुढे ऑफिसला ‘दांडी’ मारायचा. नात कॉलेजात ‘बंक’ मारते आणि सगळ्यांनी मिळून मारला तर त्याला ‘मास बंक’ म्हणते. वरवर पाहता ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत. पण खाडा हा पगारातून कापला जाणारा दिवस होता. अंगात ताप भरला, गावाकडे कुणी वारलं, पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि गेट बंद झालं, की खाडा पडायचा. दुधाच्या हिशेबातही हाच शब्द होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खाड्याच्या तारखेला फुली मारलेली असायची. दांडी अशी आपोआप पडत नाही, ती मारावी लागते. तिच्यात धाडस आहे, घरी थाप मारायची तयारी आहे आणि पकडले जाण्याची धाकधूक आहे. बंकमधून ती धाकधूकही बरीचशी गेली. हजेरी पंच्याहत्तर टक्के भरेल ना, एवढंच गणित उरलं. रोजंदारीपासून हजेरीच्या टक्क्यांपर्यंत एक घर कसं आलं हे या तीन शब्दांत आहे, आणि ते घराच्या कुठल्याच कागदपत्रांत सापडणार नाही.

या पुस्तकात असे शब्द गोळा केले आहेत. त्यांना स्लँग म्हणण्याचा प्रघात आहे, कुणी ‘टपोरी भाषा’ म्हणतं. मी त्यांना उनाड शब्द म्हणतो, कारण ते घराबाहेर वाढतात: नाक्यावर, कट्ट्यावर, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, लोकलच्या दारात. पिढी बदलली की ते बदलतात आणि दर पिढीतल्या वडीलधाऱ्यांना त्यात मराठीचा ऱ्हास दिसतो. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या गोष्टीबद्दल एखाद्या पिढीला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, पण मोठ्यांच्या देखत बोलता येत नाही, तिथेच तिचे नवे शब्द उगवतात. कोणत्या काळी कुठे शब्दांचं रान माजलं होतं हे पाहिलं तर त्या काळच्या पोरांच्या मनात काय चाललं होतं ते कळतं. मात्र ही नोंद माणसांच्या तोंडात असते आणि माणसांबरोबरच जाते. विमकोचा भोंगा कानांत असलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. म्हणून हा खटाटोप.

शहाड ते बदलापूर हा पट्टा मी निवडला तो फक्त मी इथला आहे म्हणून नव्हे. इतक्या थोड्या अंतरात इतक्या वेगवेगळ्या तोंडांची गाठ पडल्याचं उदाहरण महाराष्ट्रात फार ठिकाणी मिळणार नाही. अंबरनाथचं वालधुनी नदीकाठचं शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. त्याच्या आजूबाजूला आगरी-कोळ्यांची गावं आणि डोंगराकडे ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. १९२० च्या दशकात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला आणि घाटावरून, कोकणातून कामगार आले. पुढे ऑर्डनन्स आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीच्या वसाहतींत केंद्र सरकारच्या बदलीवर देशभरातली कुटुंबं राहायला आली, तिथल्या पोरांची खेळायची भाषा हिंदी झाली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. नाव बदलून सात दशकं उलटली तरी लोक अजून ‘कॅम्प’च म्हणतात. “कुठे राहतोस?” “कॅम्प चारला.” छावणीचा शब्द पत्ता होऊन बसला. बदलापूर तर कालपरवापर्यंत भातशेतीचं गाव होतं. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे पाच लाख, अंबरनाथची अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाख होती. त्यानंतर बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या हे स्टेशनातून बाहेर पडलं की दिसतं. गिरगाव, लालबाग, परळ सोडून आलेल्या मराठी कुटुंबांनी आपापल्या चाळीचे शब्द सामानासोबत आणले.

या सगळ्यांना रोज एकत्र दाटीवाटीने उभं करणारी जागा म्हणजे लोकलचा डबा. तिथली बोली या संग्रहात स्वतंत्र भाग म्हणून घेतली आहे, कारण ती वयाप्रमाणे बदलत नाही, गर्दीप्रमाणे बदलते. ‘चौथी सीट’ म्हणजे तिघांच्या बाकावर अर्धं अंग टेकवायला मिळणारी जागा. ‘रिटर्न येणं’ म्हणजे बसायला मिळावं म्हणून उल्हासनगरहून उलट्या दिशेने अंबरनाथपर्यंत जाऊन त्याच गाडीने परत निघणं. हे शब्द वडिलांकडून मुलाकडे जसेच्या तसे गेले आहेत. कारण गैरसोय जशीच्या तशी वारशाने मिळाली.

आता उनाड शब्दांच्या वयाविषयी. ‘हल्लीच्या पोरांनी भाषा खराब केली’ ही तक्रार ऐकताना मला गधेगाळ आठवतात. शिवमंदिर बांधणाऱ्या शिलाहारांच्याच काळापासूनचे हे दगड. ठाणे, रायगड, मुंबई या भागांत ते बरेच सापडले आहेत. दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याला त्यावर शिवी कोरलेली असते, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून बाई आणि गाढव यांचं चित्र. परळला सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या बाराव्या शतकाच्या अखेरच्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शिवी मराठीत. राजाच्या लेखनिकाला पुरतं ठाऊक होतं की पुण्य कुठल्याही भाषेत सांगितलं तरी चालेल, पण धाक बसायचा असेल तर तो लोकांच्या तोंडच्या भाषेतच बसतो. आपल्या भाषेच्या अगदी सुरुवातीच्या लेखी नमुन्यांत अशी शिवी आहे. तिला बाजूला सारून मराठीचा इतिहास लिहिता येत नाही. १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढणाऱ्या मोल्सवर्थनेही हलके म्हणून गणले जाणारे शब्द वगळले नाहीत. हलका असा शेरा मारून ते ठेवले. दोनशे वर्षांपूर्वीची बाजारातली मराठी आज थोडीफार ऐकू येते ती त्याच्या या सचोटीमुळे.

साहित्याने मात्र दार उघडायला वेळ लावला. भाऊ पाध्यांचं ‘वासूनाका’ १९६५ साली आलं तेव्हा नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी छापली म्हणून गदारोळ झाला, आचार्य अत्र्यांनी जाहीर झोड उठवली. सात वर्षांनी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली आणि त्यासाठी ते शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारत गोलपिठ्याच्या वस्तीतून हिंडले. मराठीतला एवढा मोठा लेखक, आणि आपल्याच शहरातली मराठी समजून घ्यायला त्याला वाटाड्या लागला. प्रस्तावना कशी लिहावी याचा तो वस्तुपाठ आहे. न कळणाऱ्या शब्दापुढे नाक मुरडण्याऐवजी ज्याचा शब्द आहे त्याच्याकडे जायचं. या पुस्तकासाठी मी तेवढं एकच तत्त्व पाळलं. शब्दाचा अर्थ तो वापरणाऱ्याकडूनच घेतला, कोशातून किंवा ऐकीव माहितीतून घेतला नाही.

सगळ्यात दाट रान सापडलं ते प्रेमाच्या शब्दांचं, आणि ते सावकाश पाहण्यासारखं आहे. पन्नास-साठच्या दशकांत तरुण असलेल्यांच्या तोंडी त्यासाठी ‘प्रकरण’ आणि ‘भानगड’ हे शब्द होते. “त्याचं काहीतरी प्रकरण आहे म्हणे.” मग ‘लफडं’ आलं. तिन्ही शब्दांत कोर्टकचेरीचा, तंट्याचा वास आहे. दोन माणसं एकमेकांना आवडली ही घटना शेजारपाजारच्या दृष्टीने निस्तरायची बाब होती. त्या वेळच्या मुलांनी स्वतःसाठी काय शब्द केले? ‘लाइन मारणं’. लांबून बघायचं, पाठोपाठ चालायचं, बोलायचं धाडस नाही. मुलीला ‘पाखरू’ म्हणायचं, कारण ते झाडावर बसलेलं असतं आणि हाताला लागत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ‘छावी’ आणि ‘आयटम’ आले. ‘छावी’त थोडा अभिमान होता, ‘आयटम’मध्ये मालकी होती आणि तो शब्द मुलींना तेव्हाही खुपत होता. त्याच सुमाराला ‘सेटिंग’ आलं. अंबरनाथ-उल्हासनगरच्या पोरांच्या तोंडात हा शब्द चपखल बसला, कारण घरोघरी लेथवर नाहीतर शिलाई मशीनवर काम करणारा कुणीतरी होता आणि मशीनचं सेटिंग रोजच्या बोलण्यात होतं. “सेटिंग झालं का?” या प्रश्नात प्रेम पहिल्यांदाच जमवता येण्याजोगी गोष्ट झाली. त्यासाठी खटपट करायची, मित्राची मदत घ्यायची, चिठ्ठी पोचवायची. नंतर मोबाइल आला आणि ‘मिस कॉल देणं’ हाच इशारा झाला. एकदा वाजवला तर ‘आठवण आली’, दोनदा वाजवला तर ‘खाली ये’, आणि खर्च शून्य. आज बदलापूरची कॉलेजातली मुलगी सरळ ‘आम्ही रिलेशनमध्ये आहोत’ म्हणते, आणि जे अजून ठरलेलं नाही त्याला ‘सीन’ म्हणते: “तसा काही सीन नाहीये.” प्रकरण, भानगड, लफडं, सेटिंग, सीन. या क्रमात दर पायरीला शब्दातली शरम कमी झाली आहे. आणखीही एक फरक आहे. पहिले तीन शब्द बघणाऱ्यांचे आहेत, पुढचे करणाऱ्यांचे. साठ वर्षांत मुलामुलींनी आपल्या गोष्टीचं नाव शेजाऱ्यांच्या तोंडून काढून स्वतःकडे घेतलं. मला या संग्रहातली ही सगळ्यात आनंदाची नोंद वाटते.

शब्द बदलतात कसे, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उनाड शब्दाचं काम अर्थ पोचवण्याइतकंच कुंपण घालण्याचं असतं. आतले कोण, बाहेरचे कोण हे तो ठरवतो. म्हणून आईबाबांनी तो उचलला की पोरं तो टाकतात. २०१४ च्या जानेवारीत ‘टाइमपास’ चित्रपट आला आणि ‘चल, हवा येऊ दे’ हे वाक्य नाक्यानाक्यावर सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. घराघरांतल्या आज्या ते नाव घेऊ लागल्या आणि ‘बाजूला हो’ या अर्थाने ते कुणाला ऐकवण्यातली धार संपली. बँकेच्या जाहिरातीत ‘टेन्शन नॉट’ दिसलं की त्याच दिवशी तो शब्द नाक्यावरून निवृत्त होतो. काही शब्द मात्र या फेऱ्यातून जगून निघतात आणि नागरिक होतात. ‘बिनधास्त’ १९९९ साली चित्रपटाचं नाव झालं आणि आज अग्रलेखातही खपतो. ‘राडा’ भाऊ पाध्यांच्या कादंबरीचं नाव होतं, आता पोलिसांच्या पत्रकार परिषदेत येतो. ‘टाइमपास’ला पर्याय सुचवा म्हटलं तर मराठीचा प्राध्यापकही थांबतो.

याची दुसरी बाजू म्हणजे पंधरा ते वीस या वयात तोंडात बसलेले शब्द माणूस पुढे सहसा सोडत नाही. त्यामुळे कुणी वाहवा कशी करतो त्यावरून त्याचं वय कळतं. ‘फर्स्ट क्लास’ आणि ‘झकास’ म्हणणारे आता आजोबा झाले. ‘सॉलिड’ म्हणणारे निवृत्तीला आले. ‘सही’ आणि ‘फुल टू’ म्हणणाऱ्यांची मुलं दहावीला आहेत. ‘एकच नंबर’, ‘कडक’, ‘वाढीव’ म्हणणारे नोकरी शोधतायत. भाषाशास्त्रज्ञ याच गोष्टीचा उपयोग करतात. एकाच दिवशी वेगवेगळ्या वयांच्या माणसांना ऐकलं की साठ वर्षांचा बदल समोर थरांसारखा दिसतो. शिवमंदिराच्या आवारात संध्याकाळी आजोबांचा कट्टा, बाकावर बसलेल्या बायका, नदीकडे मोबाइल घेऊन उभी पोरं असा फेरफटका मारला तर हे कुणालाही अनुभवता येईल. फसवलं जाण्याला आजोबा ‘शेंडी लावली’ म्हणतील, त्यांच्याहून लहान कुणी ‘टोपी घातली’ म्हणेल, चाळिशीतला ‘चुना लावला’, तिशीतला ‘मामा बनवला’, आणि पोरं ‘स्कॅम झाला भावा’. शेंडी आणि टोपी दोन्ही डोक्यावरून गेल्या, फसवणूक राहिली. आता तर ती फोनवरून होते.

काही शब्द मात्र वस्तू गेल्यावरही मागे राहतात, आणि मला त्यांचं विशेष अप्रूप आहे. मंदबुद्धीला पूर्वी ‘ढ’ म्हणत. लिपीचे जाणकार सांगतात की ब्राह्मीपासून आजवर फारसं रूप न बदललेलं हे अक्षर आहे, आणि ज्याच्यात सुधारणा होत नाही त्याला ते चिकटलं. मग घराघरांत ट्यूबलाइट आली. बटण दाबलं की स्टार्टर टकटक करायचा, नळीची दोन्ही टोकं लाल व्हायची, दोन-तीनदा उघडझाप व्हायची आणि मग उजेड पडायचा. विनोद संपल्यावर काही क्षणांनी हसणाऱ्याला ‘ट्यूबलाइट’ म्हणणं त्या उघडझापेवरून आलं. आता घरात एलईडीची नळी आहे, ती बटणाबरोबर पेटते. चौथीतली मुलं तरीही वर्गातल्या मुलाला ट्यूबलाइट म्हणतात. का, ते त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या मोठ्या भावंडांकडे त्याच माणसासाठी ‘हँग झालाय’, ‘लॅग होतोय’ आहे. आण्यांची गोष्ट याहून जुनी. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणा गेला, ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचं नाणंही व्यवहारातून गेलं. तरी ‘तो चार आणे कमी आहे’ हे ऐकू येतं आणि ‘सोळा आणे खरं’ही. ‘गर्दुल्ला’ हा शब्द तर एका दशकाचा शिक्काच घेऊन आला. ऐंशीच्या दशकात मुंबई-ठाण्यात ब्राउन शुगर पसरली, तिला ‘गर्द’ म्हणत. अनिल अवचटांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्या विषयावरच्या त्यांच्या लेखनातूनच १९८६ साली पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. आज गर्द म्हणजे काय हे इथल्या विशीतल्या मुलांना ठाऊक नाही. पण रेल्वेरुळांजवळ नशेत पडलेल्या माणसाला वर्तमानपत्रं अजून गर्दुल्लाच म्हणतात.

पैशांच्या शब्दांचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ हे गुन्हेगारी जगतातले शब्द. फोनवर आकडा उघड बोलायचा नाही म्हणून केलेले. नव्वदच्या दशकातल्या चित्रपटांनी ते लोकांना शिकवले. २०२२ साली ‘खोके’ हा शब्द विधान भवनाच्या पायऱ्यांवर घोषणेत पोचला आणि शाळकरी पोरंही त्याचा अर्थ सांगू लागली. लपवण्यासाठी जन्मलेला शब्द राज्यात सगळ्यात मोठ्याने ओरडला गेला, असं याआधी झाल्याचं मला आठवत नाही.

इतकी उलथापालथ चालू असताना मराठी मात्र आपला सांगाडा हलू देत नाही. ‘मारणं’ हे क्रियापद घ्या. डोळा मारणं, बाता मारणं, दांडी मारणं, लाइन मारणं, कल्टी मारणं, बंक मारणं, रिटर्न मारणं, चिल मारणं. नाम कुठूनही येऊ द्या, हिंदीतून, इंग्रजीतून, गॅरेजमधून. त्याला मराठीत राहायचं तर ‘मारणं’, ‘लावणं’, ‘खाणं’, ‘टाकणं’ यांच्यापैकी एकाचं बोट धरावं लागतं. भाव खाल्ला जातो, डोकं खाल्लं जातं, स्टोरी टाकली जाते, फील्डिंग लावली जाते. मराठी मरते आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मुलांची नामं ऐकू नयेत, क्रियापदं ऐकावीत. तिथे पाचशे वर्षांची मराठी धडधाकट उभी आहे.

आता थोडं कडू. सगळे उनाड शब्द निरागस नाहीत. गेल्या काही वर्षांत मुलांच्या तोंडी ‘छपरी’ फार आहे. रंगवलेले केस, घट्ट पँट, आवाज करणारी बाइक, की झाला छपरी. त्याआधीच्या पिढीने अशा मुलाला ‘टपोरी’ म्हटलं, त्याआधी ‘मवाली’, ‘सडकछाप’. पण टपोरीत एक रुबाब होता, पोरं स्वतःलाही टपोरी म्हणवून घेत. छपरी कुणी स्वतःला म्हणवत नाही. त्या शब्दाला जातीचा वास असल्याची हरकत अनेकांनी घेतली आहे, आणि वस्तीतल्या मुलाने चांगलं दिसण्याची केलेली धडपड त्यात हिणवली जाते हे तर उघडच आहे. उल्हासनगरच्या कारखान्यांत शिवलेली जीन्स घालून कुणी हिंडतो आणि ब्रँडेड जीन्सवाला त्याला छपरी म्हणतो. मी हा शब्द संग्रहात ठेवला, शेरा मारून ठेवला. पण तो ऐकला की मला त्रास होतो आणि तो इथे नोंदवायला हवा.

असाच सल ‘उल्हासनगरी माल’मध्ये आहे. नकली वस्तूला सगळा महाराष्ट्र उल्हासनगरचं नाव देतो. ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावायचा विनोद तीन पिढ्या चालला आहे. घरदार सोडून छावणीच्या बराकींत आलेल्या माणसांनी जे हाताला लागलं ते बनवून विकलं, रेल्वेत गोळ्या-बिस्किटं विकली, आणि त्यातून जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचर बाजार उभे केले. त्या मेहनतीचं नाव विशेषण म्हणून वापरलं गेलं ते फसवणुकीसाठी. सिंधी घरांतले शब्द मात्र मराठी पोरांनी प्रेमाने उचलले. वेडपट मित्राला ‘चरियो’ म्हणणारी मराठी मुलं कॅम्पात भेटतात आणि ‘साईं’ तर सगळ्यांचाच झाला.

‘दादूस’चं वळण आणखी वेगळं आहे. आगरीत तो मोठा भाऊ. जमिनी विकल्या गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, आणि नव्याने राहायला आलेले लोक गळ्यात सोन्याची जाड साखळी घातलेल्या कुणालाही दादूस म्हणू लागले, थोडं दबकत, थोडं हिणवत. आगरी मुलांनी तो शब्द परत घेतला. गाण्यांत घातला, गाडीच्या काचेवर लिहिला, हळदीच्या नाचात ओरडला. आज तो छातीठोकपणे म्हटला जातो. हिणवणाऱ्याच्या हातातून शब्द असा काढून घेता येतो, हे छपरीच्या बाबतीत अजून झालेलं नाही.

शब्दांच्या प्रवासाची दिशाही आता बदलली आहे. पूर्वी नवे शब्द रुळांवरून यायचे: गिरगाव-लालबागला जन्मले की दादर, ठाणे, डोंबिवली करत अंबरनाथला पोचायचे, आणि पोचेपर्यंत मुंबईत शिळे झालेले असायचे. गावाकडचं बोलणं इथली मुलं लपवायची. सुट्टीत गावाला जाऊन आलेलं पोर पहिले आठ दिवस ‘लय’, ‘काय करायलंय’ असं तोंडातून निसटू नये म्हणून जपायचं, नाहीतर वर्ग हसायचा. आता बदलापूरच्या हाउसिंग सोसायटीत वाढलेला, शेत फक्त गाडीतून पाहिलेला मुलगा ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’, ‘लय भारी’, ‘भावा’ म्हणतो. २०१४ मध्ये ‘लय भारी’ आणि २०१६ मध्ये ‘सैराट’ हे दोन चित्रपट गाजले, त्यानंतर मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींनी कोल्हापूर, सोलापूर, बीडची मराठी थेट हातात आणून दिली. ज्या बोलीची लाज वाटायची तीच मिरवायची झाली. ‘दादा’ गेला, ‘भाई’ मागे पडला, ‘ब्रो’ आला आणि त्याच्या शेजारी बरोबरीने ‘भावा’ उभा राहिला. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पाठ्यपुस्तकांना आणि आकाशवाणीला जे जमलं नाही, गावाच्या मराठीला शहरात मान मिळवून देणं, ते या उनाड पोरांनी करून दाखवलं.

संग्रहात एक मोठी उणीव आहे. बायकांचे शब्द कमी आहेत. नाक्यावर, कट्ट्यावर, पाळीवर पुरुषच होते असं आपण धरून चालतो, आणि उनाड शब्दांची मराठीतली बहुतेक नोंदही पुरुषांनी पुरुषांकडून केलेली आहे. पण मुलींची गुप्त बोली मुलांपेक्षा अवघड होती. च ची भाषा आठवा. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च आणायचा. ‘नाव’चं ‘चावन’, ‘शाळा’चं ‘चाळाश’. पाणी भरताना, डब्यात लटकताना, आई शेजारी असताना दोन मैत्रिणी या भाषेत अख्खी गोष्ट सांगून टाकत. आज साठीत असलेल्या कितीतरी जणी अजून तो वेग दाखवू शकतात. त्यांच्या नाती व्हॉट्सॲपवर बोलतात, त्यांना गरज उरली नाही. ‘इश्श’ आणि ‘अय्या’ गेले ते कुणाच्या लक्षातही आले नाही. जुन्या वळणाच्या मुलीला ‘काकूबाई’ म्हणणं हे मुलींनीच एकमेकींना लावलेलं विशेषण, ऐंशी-नव्वदमधलं. आगपेट्यांच्या कामात, पुढे उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांत बायका होत्या. कामाच्या जागी त्या साहेबाला काय म्हणत, मुकादमाला काय म्हणत, न आवडणाऱ्या नजरेला काय म्हणत, यातले थोडेच शब्द मला मिळाले. विचारणारा पुरुष असला की उत्तर अर्ध्यावर थांबतं. हा भाग पुढे कुणी बाईने करावा.

मांडणीविषयी थोडं. शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. जगण्याच्या प्रसंगांप्रमाणे लावले आहेत: पाळी, प्रवास, पैसा, प्रेम, भांडण, फसवणूक, वाहवा. प्रत्येक शब्दापुढे तो ज्यांच्याकडून मिळाला त्यांचं साधारण वय आणि जागा आहे, नाव नाही. शिव्या आहेत. जातीवाचक शिव्याही नोंदल्या आहेत, कारण त्या दिल्या जात होत्या आणि जातात. पण त्यांची वाक्यं दिलेली नाहीत. शब्दाची व्युत्पत्ती मी बहुतेक ठिकाणी टाळली. उनाड शब्दांच्या जन्मकथा चविष्ट असतात आणि त्यातल्या बऱ्याच नंतर रचलेल्या असतात.

शेवटचा भाग सगळ्यात लहान मुलांचा, आणि तो गोळा करणं सगळ्यात कठीण गेलं. इथले शब्द कुठल्याच गावचे नाहीत. ‘रिझ’ हा ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडला, तो अंबरनाथच्या सहावीच्या वर्गात त्याआधीच येऊन गेला होता. ‘ऑरा’, ‘सिग्मा’ यांचंही तसंच. ‘सिक्स-सेवन’ हा डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ चा शब्द ठरवला. तो इथली मुलं दोन्ही तळहात वरखाली करत ओरडतात. अर्थ विचारला तर त्याला अर्थ नाही असं सांगतात, आणि जगभरची मुलंही तेच सांगतात. नियम मी इथेही मोडला नाही, अर्थ वापरणाऱ्याकडूनच घ्यायचा. म्हणून त्या नोंदीत वय आहे, जागा आहे, हाताची खूण कशी करतात ते आहे, आणि अर्थाच्या रकान्यात मुलांनी सांगितलं तेच लिहिलं आहे: काही नाही.